दोन सरळ रेषा

सुपरकंडक्टरची बातमी आली की वर्तमानपत्रांत चित्र ठरलेलं असतं. एक काळी चकती, तिच्यावर अधांतरी तरंगणारं लोहचुंबक आणि खाली पांढरी वाफ. बातमीतला आकडाही ठरलेला: शून्य. वीज वाहते आणि रोध शून्य. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातल्या ‘एलके-९९’ नावाच्या पदार्थाचा गाजावाजा झाला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा ‘आता वीजबिल विसरा’ असा मजकूर फिरला. एरवी तिथे टँकर आणि पार्किंग यापलीकडे विषय जात नाही. काही आठवड्यांतच जगभरच्या प्रयोगशाळांनी तो दावा मोडीत काढला. रोधात दिसलेली घसरण नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती. ग्रुपवर पुन्हा टँकर सुरू झाले.

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या दिवसांत ओळखीपाळखीचे बरेच फोन आले. प्रत्येकाला शून्याबद्दलच विचारायचं होतं. मला विचाराल तर या विषयातलं खरं कोडं शून्य हे नाहीच. शून्याशी आमचं बऱ्यापैकी जमलेलं आहे. कोडं आहे त्याच्या अलीकडे, पदार्थ अजून गरम असताना. तेव्हा तो नुसता एक सुमार दर्जाचा धातू असतो आणि त्याचा रोध आलेखावर एक सरळ रेष काढत असतो. त्या रेषेकडे कुणी बघत नाही.

सरळ रेषेत कसलं आलंय कोडं? धातू तापला की त्याचा रोध वाढतो आणि बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो सरळ रेषेत वाढतो, हे बारावीच्या पुस्तकात असतं. प्रयोगशाळेतला प्लॅटिनमचा तापमापक याच भरवशावर चालतो. शून्य अंश सेल्सिअसला त्याच्या तारेचा रोध १०० ओहम, शंभर अंशांना १३८.५ ओहम. मधलं तापमान हवं तर रोध मोजा आणि रेषेवरून वाचा.

ही प्लॅटिनमची रेष आम्हाला समजते. इलेक्ट्रॉन अणूंवर आपटतात म्हणून रोध होतो, असं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. १९०० साली पॉल ड्रूडे यांनीही साधारण तसंच मांडलं होतं. पण इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो, आणि अणू शिस्तीत, ठरावीक अंतरावर, स्तब्ध उभे असतील तर तो त्यांच्यामधून न अडखळता निघून जातो. त्याला अडवते ती बेशिस्त. एक तर परक्या अणूंची भेसळ, नाहीतर अणूंची स्वतःची थरथर. पुरेशा तापमानाला ही थरथर तापमानाच्या प्रमाणात वाढते, म्हणून रोधही त्याच प्रमाणात वाढतो. झाली सरळ रेष. पदार्थ फार थंड केला की थरथर झपाट्याने मरते, रेष वाकते आणि शेवटी भेसळीमुळे जो काय रोध उरतो त्यावर आडवी होते.

आता यात एक मोठी गोष्ट गुपचूप गाळलेली आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटत नाहीत का? तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या ८५ वर एकवीस शून्यं इतकी असते. सगळे ऋण, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाला दूर ढकलणारा. तरीही जणू प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आहे असं धरून हिशेब केला की तांब्याचं उत्तर बरोबर येतं! हे का जमतं ते १९५६ साली लेव्ह लांडाऊ यांनी दाखवलं. कमी तापमानाला बहुतेक इलेक्ट्रॉनांना धडकून जायला मोकळी अवस्थाच नसते, एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन मावतो हा पाउलीचा नियम आडवा येतो. उरलेले थोडे आजूबाजूची खळबळ सोबत वागवत फिरतात. थोडे जड होतात, पण ओळखू येतात. या जड झालेल्या इलेक्ट्रॉनला क्वासिपार्टिकल म्हणतात. दोन क्वासिपार्टिकल एकमेकांना धडकण्याची शक्यता तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या धडकांमुळे येणारा रोध तापमान दुप्पट झाल्यावर चौपट होतो. सरळ रेष थरथरीची, वर्गाचा वक्र धडकांचा. धातूंच्या दुनियेत एवढी समज असली की बहुतेक काम भागतं.

शून्याची गोष्ट मी आटोपती घेते, ती सगळीकडे लिहिलेली असते. हॉलंडमधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ऑनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रवरूप केला आणि त्यामुळे इतकं थंड करण्याची सोय एका प्रयोगशाळेपुरती झाली. थंड धातूच्या रोधाचं पुढे काय होतं याबद्दल दोन मतं होती. लॉर्ड केल्विन यांच्या मते इलेक्ट्रॉन गोठतील आणि रोध अनंत होईल. ऑनेस यांच्या मते धातू शुद्ध असेल तर रोध हळूहळू शून्याकडे जाईल. म्हणून त्यांनी पारा घेतला, तो ऊर्ध्वपातनाने फार शुद्ध करता येतो. एप्रिल १९११ मध्ये ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या, आसपास पाऱ्याचा रोध एकदम गडप झाला. ना अनंत, ना हळूहळू. शिवाय पुढे कळलं की शुद्धतेचा त्यात फारसा संबंधही नव्हता.

कारण सापडायला ४६ वर्षं लागली. १९५७ साली जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी सिद्धांत मांडला. एक इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे धन अणू किंचित स्वतःकडे ओढतो. अणू जड, त्यांना परत जागेवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात त्या धन खळग्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. अशा जोड्या जमल्या की त्या सगळ्या मिळून एकाच अवस्थेत जातात आणि मग एखाददुसऱ्याला बाजूला काढून अडवणं शक्य राहत नाही. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की गरम असताना जी थरथर रोध निर्माण करते, तीच थंडीत जोड्या जुळवते. तांबं, चांदी, सोनं हे उत्तम वाहक, कारण त्यांच्या इलेक्ट्रॉनांना थरथर फारशी जाणवत नाही. म्हणूनच ते सुपरकंडक्टर होत नाहीत. शिसं आणि पारा हे त्या मानाने रद्दी वाहक, आणि तेच होतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(कुलाब्याच्या टीआयएफआरमधला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला, एक दाखला इथे देण्याचा मोह आवरत नाही. २०१६ च्या डिसेंबरात तिथल्या गटाने साध्या दाबाखाली शुद्ध बिस्मथमध्ये अतिसंवाहकता, म्हणजे सुपरकंडक्टरचा हा गुण, सापडल्याचं जाहीर केलं, तापमान ०.०००५३ केल्विन. बिस्मथमध्ये साधारण लाखभर अणूंमागे एकच फिरता इलेक्ट्रॉन असतो. १९५७ चा नेहमीचा हिशेब तिथे लागूच पडत नाही, आणि तरी बिस्मथने आपलं काम केलं. समुद्राकाठच्या दमट मुंबईत हे मोजलं गेलं याचं मला उगाच कौतुक वाटतं.)

आता दुसऱ्या बाजूने येऊ. १९३७ साली ब्रिस्टलमधल्या एका परिषदेत डे बूर आणि फेरवे या दोघा डच शास्त्रज्ञांनी निकेल ऑक्साइड पुढे ठेवलं. एकट्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबाने तो धातू असायला हवा. प्रत्यक्षात त्यातून वीज जात नाही. म्हणजे जी गोष्ट तांब्यात गाळता आली ती इथे गाळता येत नव्हती. रूडॉल्फ पायर्ल्स यांनी तेव्हाच बोट ठेवलं की याचं मूळ इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांना लोटण्यात असेल, आणि नेव्हिल मॉट यांनी तो धागा पुढे नेला. आज अशा पदार्थांना मॉट विसंवाहक म्हणतात.

लग्नाची भरलेली पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पाटावर एक माणूस, एकही पाट मोकळा नाही. कुणाला सरकायचं तर शेजाऱ्याच्या मांडीवर बसावं लागेल, आणि ते कुणी खपवून घेत नाही. माणसं भरपूर, हालचाल शून्य. हा झाला मॉट विसंवाहक. आता सहा-सात पाटांमागे एक जण उठून गेला. रिकाम्या पाटावर शेजारचा सरकतो, त्याच्या पाटावर पलीकडचा, आणि रिकामी जागा पंगतभर फिरू लागते. विसंवाहक धातू झाला. पण या पंगतीचा एक विचित्र रिवाज आहे: दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या उलट दिशेला तोंड करून बसायचं. सरकलेला माणूस नव्या जागी पोहोचला की त्याचं तोंड नेमकं चुकीच्या बाजूला असतं. म्हणजे साधं एक पाट सरकलं तरी मागे रिवाज मोडल्याची एक ओळच्या ओळ तयार होते. आता अमुक एक जण हलला आणि बाकीचे होते तसेच राहिले, असं म्हणता येत नाही. इथे ‘तोंड’ म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन, त्याच्या चिमुकल्या चुंबकत्वाची वर किंवा खाली अशी दिशा, आणि हा उलटापालटीचा रिवाज म्हणजे प्रतिलोहचुंबकत्व.

इंग्लंडमधल्या हारवेलचे जॉन हबर्ड यांनी १९६३ मध्ये हे सगळं दोन पदांच्या समीकरणात बसवलं. एक पद शेजारच्या जागेवर उडी मारण्याचं, दुसरं एकाच जागी दोघं आल्यावर मोजाव्या लागणाऱ्या ऊर्जेचं. बस्स. एका ओळीत मावणारं समीकरण. अणू एका रांगेत असतील तर ते १९६८ मध्ये लीब आणि वू यांनी अचूक सोडवलं. रांगेऐवजी पट मांडला, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही आल्या, की नेमकं उत्तर अजून कुणाच्या हाती नाही. प्रत्येक जागेच्या चार शक्यता: रिकामी, वर स्पिन, खाली स्पिन, दोन्ही. दहा बाय दहाचा चिमुकला पट घेतला तरी एकूण शक्यतांची संख्या एकसष्ट अंकी होते. हबर्ड १९८० मध्ये गेले, अवघ्या ४९ व्या वर्षी. आपलं समीकरण पुढे किती जणांची झोप घालवणार आहे हे त्यांना पाहायला मिळालं नाही.

झोप उडाली ती १९८६ पासून. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेओर्ग बेडनोर्झ आणि आलेक्स म्युलर यांना लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात तीसेक केल्विनला रोध कोसळताना दिसला. ऑक्साइड म्हणजे मातीच्या भांड्यांच्या जातीचे, ठिसूळ, वीज न वाहणारे पदार्थ. तिथे अतिसंवाहकता शोधणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असंच जाणत्यांचं मत होतं. दोघांनी शोधनिबंधाच्या शीर्षकाची सुरुवातच ‘संभाव्य’ या शब्दाने केली. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला ह्यूस्टनचे पॉल चू, अलाबामाचे माव-क्वेन वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घालून ९० केल्विनचा टप्पा ओलांडला. १८ मार्च १९८७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची जी सभा भरली ती पहाटे तीननंतर उठली. त्याच वर्षी बेडनोर्झ आणि म्युलर यांना नोबेल मिळालं. इतकी घाई नोबेल समिती सहसा करत नाही.

त्या धामधुमीतला एक महत्त्वाचा विचार पहिल्यांदा मांडला गेला तो बंगळुरात. जानेवारी १९८७ मध्ये तिथल्या एका परिषदेत फिलिप अँडरसन म्हणाले की या पदार्थांची मूळ अवस्था धातूची नाहीच, ती मॉट विसंवाहकाची आहे. उलट्या तोंडाचे शेजारी मुळातच जोडीने बांधलेले आहेत. काही इलेक्ट्रॉन काढून जागा मोकळी केली की त्या जोड्याच वाहू लागतात. जोडी जमवायला थरथरीची मध्यस्थी नको. या कल्पनेचं पुढे काय झालं यावर आजही दोन अभ्यासक एका टेबलावर शांतपणे चहा पिऊ शकत नाहीत. पण क्युप्रेट, म्हणजे हे तांब्याचे ऑक्साइड, समजून घ्यायचे तर सुरुवात पंगतीपासून करावी लागते, हे बहुतेकांनी मान्य केलं.

मी एम.एस्सी. केलं ते नव्वदच्या दशकात. तोवर हा पदार्थ विद्यापीठांच्या प्रॅक्टिकलपर्यंत पोहोचला होता. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशा बेताने तोलायचं की धातूंच्या अणूंचं प्रमाण एकास दोनास तीन येईल. मग अगेटच्या खलात मनगट भरून येईपर्यंत घोटायचं. नऊशे अंशांच्या वरच्या भट्टीत भाजायचं, काढून पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. दाबयंत्रात घालून रुपयाच्या नाण्याएवढी वडी पाडायची आणि ऑक्सिजनच्या झोतात हळूहळू थंड करायची. वडी काळी निघाली तर साधलं. हिरवट झाक मारली तर भलतंच संयुग तयार झालेलं असतं आणि सगळं पहिल्यापासून. वडीवर सिल्व्हर पेस्टचे चार ठिपके देऊन केसासारख्या चार तारा चिकटवायच्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडांचा रोध हिशेबात येत नाही. तार धक्क्याने निघायची, आणि पेस्ट वाळेपर्यंत परत थांबायचं.

द्रव नायट्रोजन आमचे लॅबमधले मामा ओतायचे. दुसऱ्या कुणी कॅनला हात लावलेला त्यांना चालत नसे. हा काही फार दुर्मीळ माल नाही. कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरणारे गुरांचे डॉक्टर मोटारसायकलला बांधलेल्या कॅनमध्ये तोच घेऊन हिंडतात. तो ७७ केल्विनला उकळतो, इट्रियमची वडी ९२ च्या आसपास सुपरकंडक्टर होते, म्हणून हा प्रयोग साध्या कॉलेजातही होऊ शकतो. पाऱ्यासाठी हेलियम लागला असता, आणि मग आम्ही फक्त पुस्तकातली आकृती पाहिली असती.

“वरचं काय बघत बसलात? दोन-चार वाचनं घ्या, पट्टीने जोडून टाका. खाली नव्वदपाशी लक्ष द्या,” सर म्हणाले. खोलीच्या तापमानापासून शंभरपर्यंतचा तो भाग खरोखरच पट्टीने जोडण्यासारखा होता. जर्नलमध्ये सगळ्यांनी तसंच केलं, आणि पैकीच्या पैकी गुण सगळ्यांना खालच्या कड्यासाठी मिळाले.

आणि वडीला चिकटवलेला तापमापक होता प्लॅटिनमचा! म्हणजे काचेच्या त्याच नळीत, एकमेकांना खेटून, दोन सरळ रेषा होत्या. एकीवरून आम्ही तापमान वाचत होतो. तिचं कारण १९३० च्या दशकातच नीट कळलं होतं. दुसरी वडीची, जिचं कारण आम्हाला शिकवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांना शिकवणाऱ्यांनाही नव्हतं. आलेखाच्या कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

फरक दिसायला दोन्ही टोकांना जावं लागतं. आधी खालचं टोक. बिस्मथ असलेला एक क्युप्रेट आहे, त्याची अतिसंवाहकता फार खाली, सात केल्विनच्या सुमाराला सुरू होते. १९९० मध्ये त्याच्या स्फटिकावर मोजणी झाली: सात केल्विनपासून सातशे केल्विनपर्यंत एकच सरळ रेष. अणूंची थरथर सात केल्विनला जवळजवळ थांबलेली असते. प्लॅटिनम तिथे कधीच आडवा झालेला असतो. ही रेष वाकायलाच तयार नाही. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या धडका म्हणाव्यात, तर त्यांनी वर्गाचा वक्र द्यायला हवा. तो लांडाऊंचा हिशेब क्वासिपार्टिकल धरून केलेला आहे, आणि इथे क्वासिपार्टिकल आहेत का, हीच शंका.

मग वरचं टोक. १९८७ मध्येच बेल लॅब्जच्या गुरविच आणि फायरी यांनी लँथॅनमचा क्युप्रेट १,१०० केल्विनपर्यंत तापवला. रोधावरून दोन धडकांमधलं अंतर काढता येतं. तापमान वाढलं की ते घटतं, आणि घटत घटत शेजारच्या दोन अणूंमधल्या अंतराएवढं झालं की बऱ्याच धातूंमध्ये रोध वाढायचा थांबतो, कारण त्याहून कमी अंतरात धडक होणं याला काही अर्थच उरत नाही. या पदार्थाने ती पायरी सरळ ओलांडली. रेष वाकली नाही. म्हणजे ‘इलेक्ट्रॉन जातो, धडकतो, पुन्हा जातो’ ही जी कथा आम्ही पहिल्या वर्षापासून सांगत आलो, तीच इथे निकालात निघते. काहीतरी वाहतंय एवढं नक्की. अशा पदार्थांना आता रीतसर ‘विचित्र धातू’ म्हणतात.

रेषेच्या उतारातूनही काही हाती लागतं. धडकांमधलं अंतर नको, धडकांमधला वेळ काढा. तो साधारणपणे प्लांकचा स्थिरांक (दोन पायने भागलेला) भागिले बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार, एवढा निघतो. खोलीच्या तापमानाला सुमारे पंचवीस फेम्टोसेकंद. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. या सूत्रात पदार्थाचं नावच नाही. तांबं नाही, इट्रियम नाही, स्फटिकाची रचना नाही. यान झानेन यांनी २००४ मध्ये याला प्लांकचं नाव दिलं आणि सुचवलं की ऊर्जा विखरून टाकण्याची पुंजयामिकीची ही वरची मर्यादा असावी, याहून वेगाने काही विस्कटू शकत नाही. कल्पना फार मोहक आहे, आणि म्हणूनच मी तिच्यापासून जरा अंतर राखून असते. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या गटाने बरेच धातू एका तक्त्यात मांडून दाखवलं की तांब्यासारख्या साध्यासुध्या धातूचा आकडाही, सरळ रेषेच्या भागात, याच्याच आसपास येतो. तिथे तर कारण ठाऊक आहे, थरथर. मग ही मर्यादा खोल नियम आहे की योगायोगांची रांग? एका नळीतल्या दोन रेषा वेगळ्या आहेत म्हणून मी इतकं सांगितलं, आणि हा तक्ता म्हणतो की त्यांचा वेग जवळपास एकच आहे.

थरथर पूर्णपणे काढून टाकली तर? घन पदार्थात ते जमत नाही, पण प्रिन्स्टनमध्ये २०१९ च्या सुमाराला वेगळा मार्ग काढला गेला. लिथियमचे अणू अतिथंड करून लेझरच्या प्रकाशाने आखलेल्या पटावर बसवले. अणूंनी इलेक्ट्रॉनची भूमिका केली, प्रकाशाने स्फटिकाची. प्रकाशाचा पट थरथरत नाही. हबर्ड यांचं दोन पदांचं समीकरण जसंच्या तसं टेबलावर मांडलं गेलं, आणि त्यातून जो रोध निघाला तो तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत होता. तापमान पटाच्या मानाने बरंच चढं होतं, त्यामुळे क्युप्रेटचं कोडं सुटलं असं कुणी म्हणू नये. पण नुसत्या ढकलाढकलीतून सरळ रेष येऊ शकते, एवढं तरी त्याने पक्कं झालं.

आणि २०२३ चा तो प्रयोग, जो त्या एलके-९९ च्या गदारोळानंतर काही महिन्यांत आला आणि ज्याची बातमी आमच्या ग्रुपवर अर्थातच आली नाही. विजेचा प्रवाह बारकाईने मोजला तर त्यात खरखर असते, कारण विद्युतभार सलग येत नाही, एकेका इलेक्ट्रॉनच्या तुकड्याने येतो. खरखर किती आहे त्यावरून तुकड्यांबद्दल कळतं. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात डग नेटेलसन यांच्या गटाने इटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉन यांच्या एका विचित्र धातूची अतिसूक्ष्म तार बनवून ही खरखर मोजली. पदार्थाचा पापुद्रा व्हिएन्नाहून आला होता. खरखर साध्या धातूच्या तारेत असायला हवी त्यापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. जणू तुकडे वेगवेगळे मोजता येण्यासारखे उरलेच नव्हते. क्वासिपार्टिकल नसलेला प्रवाह कसा असेल याचा इतका सरळ पुरावा मी आधी वाचला नव्हता. एकाच पदार्थातला आहे, हे खरं.

आमच्या कॉलेजात हा प्रयोग आता मी घेते, आणि वाचनं तीनशे केल्विनपासून घ्यायला लावते. मुलं कुरकुरतात. नायट्रोजन तेवढाच लागतो, पण दुपार जाते. यंदा एका मुलीने रेष पट्टीने मागे वाढवून पाहिली आणि विचारलं, “मॅडम, मध्येच सुपरकंडक्टर झाला नसता तर ही रेष अशीच शून्य केल्विनपर्यंत गेली असती का?” आमच्या वडीत कणांच्या सांध्यांचा रोध मिसळलेला असतो, त्यामुळे तिची रेष शून्यापर्यंत पोहोचत नव्हती, थोडी वरच राहत होती. पण प्रश्न नेमका होता.

तो प्रयोग झालेला आहे. तीव्र चुंबकीय क्षेत्र लावलं की अतिसंवाहकता मोडते. एमआरआयचं यंत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. फ्रान्समधल्या तुलूझ इथे काही मिलिसेकंदांपुरतं साठ टेस्लाचं क्षेत्र निर्माण करतात. तिथे लँथॅनमच्या क्युप्रेटवर केलेल्या मोजण्या २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शून्य बाजूला सारल्यावर खाली सरळ रेषच सापडली, जणू वरची रेष कधी थांबलीच नव्हती. तीही इलेक्ट्रॉनांच्या एकाच प्रमाणाला नव्हे, बऱ्याच रुंद पट्ट्यात.

यापुढचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. क्युप्रेटमधून इलेक्ट्रॉन आणखी आणखी काढत गेलं, म्हणजे पंगतीतले पाट रिकामे होत गेले, की रेषेचा उतार कमी होत जातो आणि त्याच्या पाठोपाठ अतिसंवाहकतेचं तापमानही उतरतं. रेष संपून लांडाऊंचा वर्ग जिथे राज्य करू लागतो, साधारण तिथेच अतिसंवाहकताही संपते. शिसं आणि तांब्याच्या बाबतीत जे होतं तेच हे: जे अडवतं, तेच जुळवतं. फक्त इथे अडवणारी अणूंची थरथर नाही.

मग कोण? चंद्रा वर्मा यांनी १९८९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर या रेषेचं गणित एका खास प्रकारच्या चढउतारांवर बसवलं. बरेच जण पंगतीतल्या त्या उलट्या तोंडांच्या रिवाजाकडे बोट दाखवतात. चुंबकीय मांडणी मोडायच्या बेतात असते तेव्हाची तिची चलबिचल इलेक्ट्रॉनांना विखुरते आणि जोडतेही, असं त्यांचं म्हणणं. माझा कल याच बाजूला आहे, कारण क्युप्रेटमधल्या जोड्यांचा आकारही त्याला पुष्टी देतो. जोडीतले दोघं एकाच जागी येणं टाळतात, आणि दिशा नव्वद अंशांनी बदलली की जोडीच्या तरंगाचं चिन्ह उलटं होतं. आयबीएममध्ये त्सुई आणि कर्टली यांनी १९९४ साली तीन स्फटिक कोनात जोडून केलेल्या कड्यात ते स्वच्छ दिसलं. पण चुंबकीय चलबिचलीने सात ते सातशे केल्विन अशी न वाकणारी रेष कशी काढावी, हे त्या बाजूच्या कुणी मला पटेल असं अजून समजावलेलं नाही.

त्या मुलीला मी तुलूझचा आलेख काढून दाखवला. तिने तो जर्नलमध्ये आपल्या आलेखाशेजारी चिकटवला आणि खाली पेन्सिलने उतार काढायला घेतला.